समोरचा जुवा

मुलीनं फोटो पाठवला, रात्री साडेदहाला.
पाण्यात उभी लाल कमान, मागे डोंगर,
आणि कोळशाच्या जाळीवर तोंड उघडलेली कालवं.
खाली लिहिलेलं : आई, इथे आणायचंय तुला.
कालवं एवढी मोठी, की एका शिंपल्यात
आपल्याकडची चार मावतील.
किंमत तिनं येनमध्ये सांगितली.
मी रुपयांत केली, पुन्हा एकदा केली,
मग दिवा घालवला.

सकाळी खिडकी उघडली तर खाडीत जुवा होता.
तो रोजच असतो.
एकतीस वर्षं त्याच्याकडे बघत दात घासलेत,
त्याचे माड मोजलेत,
तो दिसेनासा झाला की
वाळत घातलेलं आत घेतलंय.
गेले मात्र नव्हते कधी.
तिकडे कोण असतं आपलं, असं सासूबाई म्हणायच्या,
आणि पुढे मीही.

जुजेची होडी. माणशी वीस रुपये.
सोबत एक बोकड, त्याचे किती ते विचारलं नाही.
ओहोटी लागलेली. धक्क्याच्या खालच्या तीन पायऱ्या
शेवाळ घेऊन वर आल्या होत्या.
"कोणाकडे?" जुजेनं विचारलं.
या प्रश्नाची तयारी नव्हती माझी.
"बघायला," म्हटलं.
त्यानं जुव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"काय?"

पोटरीभर पाण्यात, खडकावर वाकलेली एक बाई.
पाठ ओळखीची नव्हती. आवाज होता.
"गो बाय, तू हय खंय?"
बुधवारच्या बाजारात, पिंपळाच्या कट्ट्याशी,
हिच्याच वाट्याचे मी दहा रुपये कमी करून घेते.
सत्यभामा तांडेल. आडनाव आज कळलं.
बाजारात ती बसलेली असते,
म्हणून केवढी उंच आहे, हेही आजच.

कोयतीचं टोक सांधीत, मनगटाला एक झटका,
कालव खडकावरून सुटं.
मध्येच एकदा तिनं बोट तोंडात धरलं,
पाण्यात थुंकली, पुढचं घेतलं.

तीन दगड, सुक्या चुडताची आग.
निखाऱ्यावर शिंपले. आधी काहीच नाही.
मग कडेला एक बुडबुडा,
मग सुस्कारा,
मग खाडीचाच वास, पण भाजलेला.
"मीठ?" मी विचारलं.
"मीठ खाडयेन घातल्यान हा."

आगळाचे दोन थेंब, बस्स.
शिंपल्याच्या कडेनं ओठ कापला
तरी मी थांबले नाही.
नंतर उकड्या तांदळाची पेज
आणि कालवांचं सुकं, खोबरं कमी, मिरची जास्त,
पितळीत.
पितळी एकच होती.
ती टोपाच्या झाकणात जेवली.

मुलगी जपानला असते, मी सांगितलं, फोटो दाखवला.
तिनं हात पदराला पुसून फोन धरला,
कमान सोडली, डोंगर सोडला,
दोन बोटांनी कालव मोठं केलं.
"ही खडकावरची न्हय. दोरयेर वाढयलली."
मग जरा थांबून,
"धू खाता मां पण? मगे झाला."

पाणी भरू लागलं. जुजेनं हाक मारली.
मी पर्स उघडली आणि किती द्यावेत ते सुचेना;
बाजारात सुचतं मला.
ती राखेवर पाणी ओतत होती.
"बुधवारी दी," म्हणाली, न बघता.

संध्याकाळी लेकीला फोटो पाठवला :
तीन दगड, रिकामे शिंपले,
कोपऱ्यात बोकडाचा अर्धा कान.
लगेच उत्तर : किती सुंदर! कुठलं बेट हे?
दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं.

खिडकीत जुवा काळा होत चाललेला.
त्यावर चार दिवे.
तिचा कुठला, हे विचारून यायला हवं होतं.
ओठ चुरचुरत होता अजून.